अमेरिकेत सरकारी जागेवर धार्मिक देखाव्यांना सरसकट बंदी नाही

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जागेवर ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्यास बंदी घातली आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने शासनाला धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली आहे. परंतु एखादा देखावा ही मर्यादा ओलांडतो की नाही, हे न्यायालय त्याची जागा, मांडणी आणि इतिहास पाहून ठरवत आले आहे.

पिट्सबर्ग शहरातील देखाव्यांवरचा याच न्यायालयाचा 1989 चा निकाल या दृष्टीने मुळातून समजून घ्यायला हवा. त्या शहरातील स्थानिक न्यायालयाच्या इमारतीत मुख्य जिन्यावर ख्रिस्तजन्माचा देखावा एकटाच मांडलेला होता आणि त्यावर देवाच्या गौरवाचे लॅटिन वचन झळकत होते; तो घटनाबाह्य ठरला. जवळच्याच सरकारी इमारतीबाहेर 45 फुटी नाताळवृक्षाशेजारी 18 फुटी ज्यू दीपवृक्ष आणि स्वातंत्र्याला वंदन करणारा फलक होता. ही मांडणी मात्र त्याच निकालाने वैध मानली. त्याआधी 1984 मध्ये रोड आयलंडमधील पॉटकेट शहराचा, सांताचे घर आणि रेनडिअर यांच्यासोबतचा देखावाही 5 विरुद्ध 4 मतांनी टिकला होता.

2005 मध्ये तर एकाच दिवशी टेक्सासच्या विधानभवन परिसरातील बायबलमधील दहा आज्ञांचा शिलास्तंभ कायम राहिला आणि केंटकीतील न्यायालयांत लावलेल्या त्याच आज्ञांच्या तसबिरींविरुद्धचा मनाई हुकूमही कायम झाला. यांतील एकच निकाल उचलून त्याला ‘बंदी’ म्हणणे ही वाचकांची दिशाभूल आहे. मेरीलँडमधील पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मारकाचा सुमारे 40 फुटी क्रूस 2019 च्या निकालानंतर आजही सरकारी जमिनीवरच उभा आहे.