गच्चीवरून गच्चीवर लेझर लिंक: मधल्या प्लॉटचं काय?

"वायर नाही, खोदाई नाही, मग परवानगी कसली?" साइट बघायला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. तो अर्धाच बरोबर आहे.

एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर हवेतून डेटा नेणारी आमची लेझर लिंक डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशावर चालते. १५५० नॅनोमीटरचा हा प्रकाश म्हणजे सुमारे १,९३,००० गिगाहर्ट्झ. आंतरराष्ट्रीय नियमांत रेडिओ लहरी ३,००० गिगाहर्ट्झला संपतात. आपल्या १९३३च्या वायरलेस कायद्यानेही तीच रेघ धरली होती. म्हणून मायक्रोवेव्ह रेडिओ लिंकसारखी फ्रिक्वेन्सी इथे कोणी वाटून देत नाही. पण म्हणून सगळंच मोकळं, असं समजू नका. २०२३च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचाराच्या व्याख्येतच 'ऑप्टिकल' आहे. या लिंकवरून शेजाऱ्यांना इंटरनेट विकायचं असेल तर लायसन्स लागतंच. फक्त तुमच्याच दोन इमारती जोडायच्या असतील, तरी आम्ही आधी दूरसंचार विभागाला लेखी विचारतो. तोंडी "चालतं हो" आम्हाला पुरत नाही.

आता शेजारी. किरण त्यांच्या प्लॉटवरून जातो, तिथे काही ठेवत नाही. खांब, ब्रॅकेट किंवा ताणाची तार मात्र त्यांच्या हद्दीत एक इंचही गेली तर लेखी संमती हवी. गच्ची सोसायटीची असेल तर सोसायटीची एनओसी.

खरी अडचण पुढे आहे. उद्या मधल्या प्लॉटवर टॉवर उभा राहिला तर? लिंक बंद. दाद मागता येईल, या भरवशावर राहू नका. १८८२च्या सुखाधिकार कायद्यात इमारतीला वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेडाचा हक्क मिळू शकतो, पण मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा तसा हक्क मिळत नाही. तो कायदा सूर्याच्या उजेडासाठी आहे, आमच्या लेझरसाठी नाही. लंडनमध्ये कॅनरी व्हार्फच्या उंच इमारतीने आसपासच्या घरांचा टीव्ही सिग्नल अडवला, तेव्हा १९९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने रहिवाशांना नकारच दिला. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. तरी कल वेगळा असेल, अशी आशा आम्ही तुम्हाला विकणार नाही.

म्हणून मधल्या प्लॉटचा मालक तयार असेल तर "ठरावीक वर्षं, ठरावीक उंचीच्या वर बांधणार नाही" असा करार नोंदवून घ्या. तयार नसेल (पुण्यात जागेचे भाव बघता बहुधा नसतोच) तर दुसऱ्या वाटेने जाणारी रेडिओची पर्यायी लिंक हिशोबात धरा. दाट धुक्यातही तीच कामी येते.

कोटेशन मागताना दोन्ही गच्च्यांची उंची आणि मधल्या जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड सोबत आणा.