लहान मुलाचं चित्र आणि पांढऱ्या रंगाची जबानी

लंडनच्या टेट संग्रहालयात ‘द लिटल पेझंट’ नावाचं तैलचित्र आहे: टोपी घातलेला, लालबुंद गालांचा खेड्यातला पोरगा. उंची १०० सेंटिमीटर, रुंदी ६४.५. इटलीतल्या लिव्होर्नोच्या सेफार्डिक (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या) ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आमेदेओ मोदिल्यानीनं ते १९१८ च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समधल्या मुक्कामात रंगवलं. १९२० च्या जानेवारीत तो वारला, आणि नकला करणाऱ्यांचं फावलं. २०१७ मध्ये तर जेनोआतलं त्याचं प्रदर्शन मुदतीआधी बंद झालं आणि २१ कलाकृती जप्त झाल्या.

असं एखादं चित्र तपासायला आलं की नजर आधी पांढऱ्याकडे जाते. त्या काळी शिशाचा किंवा जस्ताचा पांढरा वापरत. टायटॅनियमचा पांढरा कारखान्यातून निघू लागला १९१६ च्या सुमारास. चित्रकारांच्या ट्यूबमध्ये तो रुळला १९२० च्या दशकात. म्हणजे पोराच्या कॉलरमध्ये टायटॅनियम सापडलं, की संशय घ्यायचा.

पण इथेच फसगत होते. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र रंगाला न खरवडता त्यातली मूलद्रव्यं सांगतं. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतं; यंत्राच्या आलेखावर ती त्याची रेषा. टायटॅनियमची मुख्य रेषा ४.५१ केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) येते, बेरियमची ४.४७ वर. साध्या यंत्राला एवढा फरक दिसत नाही. दोन्हींचा मिळून एकच उंचवटा उठतो. आणि बेरियम सल्फेट तर स्वस्त भर म्हणून कॅनव्हासच्या अस्तरात सर्रास घालत! संगणकानं आपणहून चिकटवलेलं ‘टायटॅनियम’ हे लेबल म्हणूनच डोळे झाकून मानू नये. ५.५३ केईव्हीजवळ बेरियमची आणखी एक बारीक रेषा असते, तिथे टायटॅनियमचं काही नसतं. ती दिसली तर बेरियम नक्की. मात्र त्यामुळे टायटॅनियम नाहीच, असं ठरत नाही. त्यासाठी उंचवट्यातला बेरियमचा वाटा वजा करून पाहावा लागतो.

निळ्या कोटातही तोच घोळ. लोखंडाची दुय्यम रेषा ७.०६ वर आणि कोबाल्टची मुख्य रेषा ६.९३ वर, त्यामुळे लोखंडापासून बनलेल्या प्रशियन निळ्यात नसलेलं कोबाल्ट ‘दिसतं’.

समजा टायटॅनियम खरंच निघालं. तरी लगेच नकली म्हणायचं नाही, कारण हे किरण वरच्या थरापाशी थांबत नाहीत. सगळे थर एकदम बोलतात. मग सुईच्या टोकाएवढा कण काढून, राळेत बसवून, घासून त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टायटॅनियम जुन्या व्हार्निशच्या वर असेल, तर ती नंतरची डागडुजी. गालाच्या मूळ रंगात, व्हार्निशच्या खाली असेल, तर मालकाला फोन करायची वेळ आली.