स्थूलपणा, दाह आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

रक्तवाहिनीच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, आणि बराच काळ त्याच्याकडे निव्वळ अस्तर म्हणूनच पाहिले गेले. हा थर निघून गेलेली धमनी ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचे संदेशवाहक रसायन दिल्यावर सैल पडत नाही, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. सैल पडण्याचा संदेश या पेशींनी सोडलेला नायट्रिक ऑक्साइड वायू देतो, हे पुढे स्पष्ट झाले आणि त्या संशोधनाला १९९८ चे नोबेल मिळाले. हाच वायू पांढऱ्या पेशींना आणि प्लेटलेटना भिंतीला चिकटण्यापासून रोखतो. स्थूलपणात नेमका त्याचाच तुटवडा पडतो.

त्याचे मूळ बऱ्याच अंशी चरबीच्या ऊतीत असते. चरबीच्या पेशी अतोनात फुगल्या की रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही पेशी मरतात आणि त्यांच्याभोवती भक्षक पेशींचे कडे जमते. सडपातळ उंदरांच्या चरबीत १० टक्क्यांहून कमी असणाऱ्या भक्षक पेशी अतिस्थूल उंदरांत ५० टक्क्यांपलीकडे गेल्याचे २००३ मध्ये आढळले. त्यांच्याकडून टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहकारक प्रथिने रक्तात उतरतात, तर रक्तवाहिन्यांना जपणारे ॲडिपोनेक्टिन कमी होते. जखमेच्या दाहासारखी लाली किंवा ठणका येथे नसतो. हा दाह मंद असतो आणि वर्षानुवर्षे चालतो, म्हणूनच तो अधिक फसवा म्हटला पाहिजे.

अस्तराच्या पेशींवर याचा परिणाम दुहेरी होतो. एक तर त्या आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभारतात आणि त्यांना धरून पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात. दुसरा परिणाम इन्सुलिनशी निगडित आहे. निरोगी अस्तरात इन्सुलिन एका मार्गाने नायट्रिक ऑक्साइड वाढवते आणि दुसऱ्या मार्गाने वाहिनी आकसणारे एंडोथेलिन. दाहामुळे पहिला मार्ग मंदावतो, दुसरा मात्र बव्हंशी शाबूत राहतो. त्यातच रक्तातील इन्सुलिन वाढलेले असल्याने पारडे आकसण्याकडे झुकते.

चरबी कोठे साठते यालाही महत्त्व आहे: पोटातील अवयवांभोवतीची चरबी त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक दाहकारक ठरते. मग दाहच औषधाने का दाबू नये? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉल न घटवताही पुढील झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण कमी केले, परंतु जीवघेणे जंतुसंसर्गही काहीसे वाढले.