कार्बन मूल्य

कार्बन मूल्य : कोळसा, तेल किंवा वायू जाळणाऱ्याकडून, हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दर टनामागे पैसे वसूल करण्याची पद्धत. एरवी या धुराचा भुर्दंड ज्यांनी तो सोडलाच नाही, ते भरतात. असा भुर्दंड नुकसान करणाऱ्यावरच पडावा, हा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू यांनी १९२० मध्ये मांडला.

सरळ मार्ग कराचा. फिनलंडने तो १९९० मध्ये लावला, स्वीडनने १९९१ मध्ये, टनाला २५० क्रोना. जैवइंधनाला तो लागू नव्हता. त्यामुळे स्वीडिश शहरांतील घरांना ऊब पुरवणारी केंद्रे तेल सोडून लाकूडफाटा व भुसा जाळू लागली.

दुसरा मार्ग परवान्यांचा. यात सरकार एकूण किती टन सोडायचे ते ठरवते आणि तेवढेच परवाने काढते. किंमत खरेदी-विक्रीतून ठरते. समजा, परवाना ७० युरोला आहे आणि एका कारखान्याला एक टन धूर ४० युरोत कमी करता येतो. तो धूर कमी करतो आणि उरलेला परवाना विकतो. ज्याला हेच काम महाग पडते, तो परवाना विकत घेतो. कपात अशी जिथे स्वस्त, तिथे आधी होते.

युरोपीय संघाने २००५ मध्ये हा बाजार उघडला, पण परवाने गरजेपेक्षा जास्त आणि बहुतांश फुकट वाटले. २००६ मध्ये प्रत्यक्ष उत्सर्जनाचे आकडे आले आणि भाव कोसळला. ते परवाने योजनेच्या पुढच्या टप्प्यासाठी राखताही येत नसल्याने २००७ अखेर त्यांची किंमत जवळपास शून्य झाली. ही योजनेची चूक नव्हती, सैल मर्यादेची होती. २०१९ पासून जादा परवाने बाजारातून काढून राखीव साठ्यात टाकले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव १०० युरोंवर गेला.

ब्रिटनने २०१३ पासून वीजनिर्मितीच्या इंधनावर स्वतःचा अधिभारही लावला. तितक्याच विजेसाठी कोळसा वायूच्या सुमारे दुप्पट कार्बन सोडतो, म्हणून फटका कोळशाला अधिक बसला. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचे कोळसा-वीजकेंद्र बंद झाले.

भारताने २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट (लक्ष्यापेक्षा जास्त कपात केल्याचे, विकता येणारे प्रमाणपत्र) व्यापार योजना अधिसूचित झाली. तिच्यात उद्योगांना उत्पादनाच्या दर एककामागे उत्सर्जनाचे लक्ष्य दिले जाते, एकूण टनांवर मर्यादा नाही. उत्पादन वाढले तर लक्ष्य गाठूनही उत्सर्जन वाढू शकते.