स्टॉपओव्हर हवाय की ओपन-जॉ?

मावशीचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "अरे, विमानप्रवासात साठलेल्या पॉइंट्सवर, त्या माइल्सवर, तिकीट काढतेय. पॅरिसला उतरायचं, रेल्वेने फिरत फिरत रोमला जायचं आणि रोमहून मुंबई. कॉल सेंटरच्या बाईला म्हटलं, रोमचा स्टॉपओव्हर द्या. तर म्हणते, बसत नाही."

बसणारच नाही. मावशी मागत होती स्टॉपओव्हर आणि तिला हवं होतं ओपन-जॉ. कॉल सेंटरवाले नियम वाचून दाखवतात; तुम्ही भलतंच मागताय, हे सांगायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही.

रेल्वेतली 'ब्रेक जर्नी' जुन्या लोकांना आठवत असेल. 500 किलोमीटरच्या वरचं तिकीट असेल तर मधल्या स्टेशनवर उतरून दोन दिवस थांबता येतं. मुंबई-हावडा तिकिटावर नागपूरला उतरायचं, आत्याकडे राहायचं, आणि त्याच तिकिटावर पुढे निघायचं. स्टॉपओव्हर म्हणजे हेच. तुम्ही जिथे उतरता तिथूनच पुन्हा चढता. वाट अखंड असते, फक्त मध्ये मुक्काम पडतो.

ओपन-जॉमध्ये वाटच तुटते. पुण्याहून एसटीने कोल्हापूर गाठलं, भाच्याच्या गाडीतून आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो आणि रत्नागिरीहून पुन्हा एसटीने पुणे. कोल्हापूर ते रत्नागिरी हा तुकडा एसटीच्या हिशेबातच नाही, तो आपला आपण पार पाडला. नकाशावर दोन रेघा ओढून बघा: पुण्यातून दोन्ही निघतात, पण पलीकडे टोकं जुळत नाहीत. आ वासलेल्या जबड्यासारखा आकार दिसतो, नाव त्यावरूनच पडलं. जबडा घराच्या बाजूनेही उघडा असू शकतो, म्हणजे मुंबईहून गेलो आणि परत येताना गोव्याला उतरलो. दोन्हीकडे उघडा असला तर ते डबल ओपन-जॉ. हीथ्रोला उतरून गॅटविकहून परतणं मात्र यात धरत नाहीत, कारण विमान कंपन्यांच्या लेखी ते एकच लंडन.

स्टॉपओव्हरला आणखी एक जुळा भाऊ आहे, ट्रान्झिट. आंतरराष्ट्रीय प्रवासात पुढचं विमान 24 तासांच्या आत असेल तर ते ट्रान्झिट, त्याहून जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर. या रेषेचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. इस्तंबूलला साडेतेवीस तासांचं कनेक्शन मुद्दाम निवडलं होतं. एक जास्तीचा माइल न घालवता अख्खं एक शहर पदरात! पण बॅग मुंबईतच थेट शेवटच्या मुक्कामाचा टॅग लावून गेली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जानेवारीतला पाऊस, अंगात पातळ सदरा, पायात चपला आणि स्वेटर बॅगेत. गलाता पुलावर उभा राहून खाल्लेलं माशाचं सँडविच चांगलं होतं असं लोक सांगतात. मला फक्त ते गरम होतं एवढंच आठवतं. स्टॉपओव्हर घेतला असता तर बॅग इस्तंबूललाच हातात आली असती. चेक-इनला टॅगवरची विमानतळाची तीन अक्षरं वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.

आता माइल्सचा हिशेब. अमेरिकन एअरलाइन्सने 1981च्या मे महिन्यात आपली माइल्सची योजना सुरू केली. पुढे अशा बऱ्याच योजनांत बक्षिसाचं, म्हणजे माइल्सवरचं, तिकीट जाऊन-येऊनच काढावं लागायचं आणि ओपन-जॉ ही कंपनीने दिलेली सवलत असायची. आज बहुतेक ठिकाणी एकेरी तिकीट निम्म्या माइल्समध्ये मिळतं. मग मुंबई-पॅरिस एक आणि रोम-मुंबई दुसरं अशी दोन तिकिटं काढली की झालं ओपन-जॉ, कुणाची परवानगी लागत नाही. (तिकीट रद्द करायची वेळ आली तर मात्र शुल्क दोनदा कापलं जातं.) स्टॉपओव्हर असा आपोआप पदरात पडत नाही, तो योजनेने द्यावा लागतो. एअर कॅनडाच्या एरोप्लान या योजनेत एकेरी तिकिटावरही 5,000 पॉइंट्स जास्त मोजून थांबता येतं. टोरंटोहून पुण्या-मुंबईला येणाऱ्या आपल्या मंडळींना वाटेत फ्रँकफर्ट बघायचं तर ही किंमत काहीच नाही. अमेरिकन एअरलाइन्स बक्षिसाच्या तिकिटावर स्टॉपओव्हर देतच नाही. आणि ब्रिटिश एअरवेजचे एव्हिओस, म्हणजे त्यांचे माइल्स, प्रत्येक उड्डाणाचे वेगळे मोजले जातात, त्यामुळे तिथे थांबा की न थांबा, बिल साधारण तेच. म्हणून माझं मत असं की योजना निवडताना ओपन-जॉबद्दल विचारत बसू नका, स्टॉपओव्हरचे नियम आधी वाचा.

अपवाद एक, कराचा. लंडनहून उडणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनचा प्रवासी कर पडतो, आणि माइल्सच्या तिकिटावरही तो रोखच भरावा लागतो. 2025-26 मध्ये लंडन-मुंबईसाठी इकॉनॉमीला 90 पौंड, बिझनेसला 216. लंडनला 24 तासांच्या आत विमान बदललं तर तो लागत नाही. स्टॉपओव्हर घेतला की लागला. इथे ओपन-जॉ कामाला येतं. लंडनला उतरा, पोटभर फिरा, सेंट पँक्रसहून युरोस्टार पकडून सव्वादोन तासांत पॅरिस गाठा आणि तिथून उडा. फ्रान्सचाही कर आहे, तेव्हा आकडे समोर ठेवूनच ठरवा.

एक चूक मात्र करू नका. 'मुंबई-पॅरिस-मुंबई तर मिळतंय, आत्ता तेच काढू, येताना रोमहून मधल्या स्टॉपला चढू' असं म्हणणारे भेटतात. समजा परतीचं विमान पॅरिसहून रोममार्गे मुंबईचं आहे. तुम्ही पॅरिसला चढला नाहीत की नो-शो, म्हणजे गैरहजेरी, लागते आणि पुढचे सगळे टप्पे रद्द होतात. रोमच्या काउंटरवर तुमचं नावच सापडणार नाही.

मावशीचं तिकीट शेवटी वेबसाइटवरच्या 'मल्टी-सिटी' या पर्यायात जाऊन काढलं. जाताना मुंबई-फ्रँकफर्ट-पॅरिस, येताना रोम-म्युनिक-मुंबई. पॅरिसला चार रात्री आणि इटलीत सहा, त्यामुळे उतरायचं फ्रान्सला असलं तरी शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज इटलीकडे केला. मुक्काम जास्त जिथे, अर्ज तिथे. संध्याकाळी तिने बुकिंगचा कागद वाचून पुन्हा फोन केला.

"अरे, पॅरिस आणि रोमच्या मध्ये हे एआरएनके काय लिहिलंय? हे कुठलं विमानतळ?"

"विमानतळ नाही गं. अरायव्हल अननोन. तू रोमला कशी पोहोचणार ते त्यांना ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ."

"ठाऊक नाही काय? रेल्वेची तिकिटं काढलीत की मी. कळवू का त्यांना?"