‘ट्रान्झॅक्शन’ नेमकं कुणाचं? : जावा आणि मेनफ्रेम जोडणीची पार्श्वभूमी

हिंजवडीपासून खराडीपर्यंत, परदेशी बँका आणि विमा कंपन्यांची कामं करणाऱ्या पुण्यातल्या ऑफिसांत ‘ट्रान्झॅक्शन’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या जावावाल्याच्या तोंडी त्याचा एक अर्थ असतो; मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांचे मुख्य व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावर, काम करणाऱ्या मेनफ्रेमवाल्याच्या तोंडी दुसरा. मीटिंग संपते, चहा होतो, तरी आपण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो हे दोघांच्याही लक्षात आलेलं नसतं. जावा ॲप्लिकेशन मेनफ्रेमला कसं जोडलं गेलं हे सांगताना सहसा गेटवे, कनेक्टर, वेब सर्व्हिस असा क्रम लावतात. तो क्रम बरोबरच आहे. पण माझ्या मते घोळ या एका शब्दात आहे, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

फार जुनं थोडक्यात. सीआयसीएस, म्हणजे टर्मिनलवरून येणारी कामं मेनफ्रेमवर चालवणारं सॉफ्टवेअर, ८ जुलै १९६९ ला बाजारात आलं. मूळ गरज अमेरिकेतल्या वीज-गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांची होती: ग्राहकाची माहिती कारकुनाला समोरच्या टर्मिनलवर दिसावी. नावातलं ‘कस्टमर इन्फर्मेशन’ तिथलंच. १९७४ मध्ये त्याचं काम इंग्लंडात हर्स्लीला गेलं. म्हणून ब्रिटिश क्लायंटकडे घडलेले लोक त्याला ‘किक्स’ म्हणतात आणि अमेरिकी क्लायंटवाले अक्षरं सुटी सुटी उच्चारतात. पुण्यात एकाच टीममध्ये दोन्ही ऐकू येतं. आयएमएस हे त्याच धर्तीचं दुसरं सॉफ्टवेअर, त्याच्या वर्षभर आधीचं, अपोलो मोहिमेतल्या लाखो सुट्या भागांचा हिशोब ठेवण्यासाठी जन्मलेलं.

पुण्याचा या यंत्रांशी संबंध आला तो उशिरा आणि लांबून. मेनफ्रेम बनवणारी मुख्य कंपनी आयबीएम १९७८ मध्ये ‘फेरा’ या परकीय चलन कायद्याच्या वादातून देश सोडून गेली आणि १९९२ मध्ये भागीदारी करून परतली. दरम्यान सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, तिच्या पहिल्या तीन शहरांत बेंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. मग वायटूकेची लाट आली. तारखेतल्या वर्षाचे दोन अंक चार करायला माणसं हवी होती, आणि डेक्कन-कर्वे रोडच्या बाजूला कोबोल (मेनफ्रेमची जुनी प्रोग्रामिंग भाषा), जेसीएल (मेनफ्रेमला कामं लावून देण्याची भाषा) शिकवणारे क्लास भरू लागले. यातल्या बहुतेकांनी मेनफ्रेम डोळ्यांनी कधी पाहिला नाही. त्यांच्यासाठी मेनफ्रेम म्हणजे पीसीवरच्या खिडकीतला काळा पडदा, हिरवी अक्षरं, २४ ओळी आणि ८० रकाने. यंत्र अमेरिकेत कुठल्यातरी तळघरात.

२००० चा जानेवारी शांतपणे गेला आणि याच क्लायंटना आपली खाती, पॉलिसी, क्लेम सगळं ब्राउझरमध्ये हवं झालं. कोबोल नव्याने लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे जावा लावायचं आणि मागे जे आहे ते तसंच ठेवायचं, असं ठरलं.

पहिला मार्ग सगळ्यात ओबडधोबड होता: पडदा वाचायचा. जावाचा प्रोग्राम टर्मिनल असल्याचं सोंग घेई, ‘ओळ ६, रकाना २२ पासून १० अक्षरं’ उचलून आणी आणि एंटरचं बटण दाबल्याचा संदेश पाठवी. कुणी त्या पडद्यावर एक ओळ वाढवली की वेबसाइट कोसळलीच. या पद्धतीला खूप नावं ठेवली गेली, पण तिची एक बाजू कुणी सांगत नाही. कारकून जे करू शकतो तेवढंच जावाला करता येत असे, त्यामुळे कमिट कोण करणार, म्हणजे बदल कायम कोण करणार, हा वाद उद्भवतच नव्हता.

दुसरा मार्ग गेटवेचा, म्हणजे मधल्या दुव्याचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीआयसीएससाठी जावाचा गेटवे आला, पुढे तो ट्रान्झॅक्शन गेटवे या नावाने स्थिरावला. पोर्ट क्रमांक २००६ वर तो ऐकत बसे. ‘जावागेटवे’चा ऑब्जेक्ट करायचा, ‘ईसीआयरिक्वेस्ट’मध्ये प्रोग्रामचं नाव आणि एक बाइट ॲरे भरायचा आणि ‘फ्लो’ म्हणायचं. तो ॲरे पलीकडे कोबोल प्रोग्रामच्या कॉमएरियात, म्हणजे माहिती देण्याघेण्याच्या जागेत, जाऊन पडे. मर्यादा जेमतेम ३२ केबी, कारण लांबी ठेवण्याची जागाच दोन बाइटची. आयएमएसच्या बाजूला बाहेरचे निरोप आत घेणारं ओटीएमए आणि त्याच्यापुढे आयएमएस कनेक्ट अशी जोडी होती, तिथे प्रत्येक निरोपाची सुरुवात लांबीच्या दोन बाइटने आणि आणखी दोन राखीव बाइटने होई. ते चार बाइट विसरणं हा नवशिक्यांचा ठरलेला संस्कार होता.

तिसरा टप्पा कनेक्टर आर्किटेक्चरचा. २००१ मध्ये जेटूईई १.३ या कंपन्यांसाठीच्या जावाबरोबर त्याची पहिली आवृत्ती आली. कल्पना चांगली होती: कनेक्शनचा पूल, सुरक्षा आणि ट्रान्झॅक्शन या तीन गोष्टींचा करार ॲप्लिकेशन सर्व्हर (जावा प्रोग्राम चालवणारा) आणि ॲडॅप्टर (मेनफ्रेमशी बोलणारा) यांच्यात होईल, प्रोग्रामरने त्यात पडायचं नाही. नाव मात्र ‘जेसीए’ पडलं, आणि जावात जेसीए ही आद्याक्षरं आधीच गुप्तलेखनाच्या लायब्ररीने घेतलेली. म्हणून एका ॲप्लिकेशन सर्व्हरच्या दुनियेत त्याला ‘जेटूसी’ म्हणू लागले. पहिल्या आवृत्तीत फक्त जावाकडून मेनफ्रेमकडे जाता येई. उलट दिशेने येण्याची सोय २००३ च्या १.५ मध्ये झाली.

तर आता तो शब्द.

सीआयसीएसमध्ये ट्रान्झॅक्शन म्हणजे जास्तीत जास्त चार अक्षरांचा कोड. टर्मिनलवर तो टाइप केला की ठरलेला प्रोग्राम सुरू होतो. तो कोड एकदा चालला की होतो ‘टास्क’. आणि टास्कच्या पोटात, एका सिंकपॉइंटपासून (बदल कायम होतात तो टप्पा) दुसऱ्या सिंकपॉइंटपर्यंत जे काम होतं ते ‘युनिट ऑफ वर्क’. जावावाला ज्याला ट्रान्झॅक्शन म्हणतो, सगळं होईल किंवा काहीच होणार नाही असं, ते मेनफ्रेमवाल्याचं युनिट ऑफ वर्क. एका टास्कमध्ये अशी तीन युनिटं असू शकतात. उलट पडद्यावर ग्राहकाशी चाललेलं एक संभाषण चार वेगळ्या टास्कचं असू शकतं, कारण माणूस विचार करत बसलेला असताना टास्क जिवंत ठेवणं ही तिथे उधळपट्टी समजली जाते. आयएमएसमध्ये हाच शब्द जास्तीत जास्त आठ अक्षरांच्या कोडसाठी. शिवाय त्या कोडने रांगेत येऊन पडलेल्या निरोपालाही तिथे ट्रान्झॅक्शनच म्हणतात.

२००३ च्या सुमारास मी जावाच्या बाजूला होतो. क्लायंट अमेरिकेतला, आमची रात्र म्हणजे त्यांची दुपार. मेनफ्रेमची टीम वरच्या मजल्यावर बसे आणि तिचे लीड वयाने आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. एका रात्री धावत वर गेलो.

“सर, माझ्याकडे एक्सेप्शन आलं, म्हणजे रोलबॅक झालं, सगळं रद्द. मग तुमच्या फाइलमध्ये रेकॉर्ड कसं दिसतंय?”

“कारण इथे कमिट झालंय.”

“पण ट्रान्झॅक्शन एकच होतं ना?”

“तुझं एक, माझं एक. तू सिंकऑनरिटर्नने बोलावलंस. प्रोग्राम परतला, कमिट झालं. पुढे तू जिन्यात पाय घसरून पडलास तर सीआयसीएसने काय करायचं?”

ते हसले, मला हसू आलं नाही. पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता. गेटवेतून प्रोग्राम बोलवायच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत, म्हणजे सिंकऑनरिटर्नमध्ये, प्रत्येक कॉल स्वतंत्र: बाहेरच्या कॉलसाठी उघडलेलं पलीकडचं मिरर टास्क प्रोग्राम चालवतं, परतताना कमिट करतं आणि संपतं. दुसरीत युनिट ऑफ वर्क उघडं राहतं, जावा हवे तितके कॉल करतो आणि शेवटी कमिट किंवा बॅकआउट (बदल रद्द) असा वेगळा निरोप धाडतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे दुसरी तऱ्हा शुद्ध. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी पहिलीच निवडली गेली, आणि या निवडीवरून दोन मजल्यांमध्ये वर्षानुवर्षं धुसफूस चालली.

जावावाल्यांचं म्हणणं, ही आळशीपणाची निवड होती. मला ते पटत नाही. १९८० च्या दशकातले कोबोल प्रोग्राम टर्मिनलसाठी लिहिलेले होते आणि त्यांच्या मधोमध लेखकाने स्वतःच सिंकपॉइंट टाकलेला असे. लांबून, युनिट उघडं ठेवून असा प्रोग्राम बोलावला की त्या ओळीवर सीआयसीएस ‘इनव्हॅलिड रिक्वेस्ट’ म्हणे आणि कुणी ती चूक हाताळलेली नसेल तर एईआयपी अबेंड, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद. म्हणजे शुद्ध मार्गाने जायचं तर शेकडो चालते प्रोग्राम उघडून त्यातला सिंकपॉइंट काढायचा, आणि काढल्यावर टर्मिनलवरून येणारं जुनं काम बिघडत नाही ना ते तपासायचं. त्यात उघडं युनिट म्हणजे रेकॉर्डवरचं कुलूप. ब्राउझरपुढचा माणूस फोन घ्यायला उठला, जावाचा थ्रेड अडकला, की मागे शाखेतला कारकून त्याच खात्यासाठी ताटकळत बसणार. मेनफ्रेमवाल्यांना आपल्या कुलपाची किल्ली इंटरनेटवरच्या अनोळखी प्रोग्रामच्या हाती द्यायची नव्हती. मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिली नसती.

कनेक्टर आर्किटेक्चरने हा वाद मिटवायला हवा होता. त्याने ॲडॅप्टरला तीन पायऱ्या दिल्या: ट्रान्झॅक्शनच नाही, फक्त लोकल, किंवा पूर्ण एक्सए (आधी सगळ्यांना ‘तयार आहात का’ विचारून मग कमिट करणारं). लोकल म्हणजे ‘कमिट कर’ म्हटलं की करणारा, पण ‘तयार आहेस का’ असं आधी विचारलं तर उत्तर न देणारा पाहुणा. दोन टप्प्यांच्या कमिटमध्ये असा पाहुणा फार तर एकच सांभाळून घेता येतो, तोही सगळ्यांत शेवटी विचारून. सुरुवातीच्या वर्षांत सर्व्हरवरच्या गेटवेमार्फत येणारं सीआयसीएस हे नेमकं तसलं पाहुणं होतं. करारात सोय लिहिलेली, पण पलीकडचा तिच्यात पूर्ण बसत नाही, अशी स्थिती. पूर्ण एक्सए पुढे आलं, तोवर लोकांनी आपापले जुगाड पक्के केले होते.

आयएमएसच्या बाजूला निदान प्रश्न उघडपणे विचारला जाई. कमिट मोड ० म्हणजे आधी कमिट, मग उत्तर पाठव. मोड १ म्हणजे आधी उत्तर पाठव, मग कमिट. जावाच्या टीमकडून पहिल्याच बैठकीत हा आकडा मागितला जाई, त्यामुळे निदान त्या बैठकीपुरता तरी सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत.

बाइटांचा प्रश्न वेगळा, आणि कनेक्टरच्या कराराने तो सरळ हद्दीबाहेर ठेवला. अक्षरं साठवण्याच्या पद्धती दोन: मेनफ्रेमवर ईबीसीडीआयसी, जावात युनिकोड. मजकुराचं भाषांतर सोपं. चुकलं तर लगेच दिसतं, कारण ईबीसीडीआयसीतली मोकळी जागा न बदलता आली तर ‘@’ दिसते आणि ग्राहकाच्या नावापुढे ‘@’ची रांग लागते. धोका असतो तो पॅक्ड डेसिमलचा, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवण्याच्या पद्धतीचा. १२३.४५ ही रक्कम कोबोलच्या कॉम्प-थ्रीमध्ये (पॅक्ड डेसिमलचं कोबोलमधलं नाव) तीन बाइटांत बसते: १२, ३४, ५सी. शेवटचा ‘सी’ म्हणजे अधिक चिन्ह. आता कुणी अख्खा कॉमएरिया मजकूर समजून बदलला तर काय होतं? १२ तसाच राहतो. ३४ चा होतो ९४. आणि ५सी म्हणजे ईबीसीडीआयसीतली तारका (*), तिचा होतो २ए. ‘ए’सुद्धा अधिक चिन्ह म्हणून चालतो. तीन बाइट पुन्हा उलगडले की मिळतात १२९.४२. एक्सेप्शन नाही, अबेंड नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. एका क्लायंटकडे चाचणीच्या आकड्यांत आम्हाला हे सापडलं, तेही हिशोब तपासणाऱ्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर बेरीज करून पाहिली म्हणून. तेव्हापासून कॉपीबुकवरून (कोबोलमधली माहितीच्या रचनेची फाइल) जावाचा क्लास बनवून देणारं टूल वापरल्याशिवाय मी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही.

२००५ नंतरचं पुष्कळांना माहीत आहे. त्या वर्षीच्या सीआयसीएस आवृत्तीत वेब सर्व्हिस आत आल्या, आणि कॉमएरियाऐवजी वापरायचे चॅनेल-कंटेनर आल्यावर ३२ केबीची भिंतही पडली. त्याच्या आदल्या वर्षी मेनफ्रेममध्ये खास जावासाठी वेगळे प्रोसेसर मिळू लागले. त्यांच्यावरचं काम सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या बिलात धरलं जात नसे. मेनफ्रेमवर जावा चालवायचा उत्साह अचानक का वाढला, याचं उत्तर मला वाटतं तांत्रिक कागदांत कमी आणि त्या बिलात जास्त आहे. सीआयसीएसच्या आत जावा तर १९९९ पासूनच होता. मध्यंतरी एंटरप्राइझ बीन हे जावाचे सर्व्हरवरचे घटकही आत आणले होते, ते पुढे काढून टाकले. २०१२ पासून लिबर्टी हा जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर आत बसला, म्हणजे जावा आणि कोबोल एकाच टास्कमध्ये, एकाच युनिट ऑफ वर्कमध्ये आले. शब्दाचा घोळ सोडवण्याचा हा सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न, आणि आमच्याकडे सगळ्यात कमी वापरला गेलेला.

कारण तोवर सगळ्यांना रेस्ट, म्हणजे वेबच्या पत्त्यावरून (यूआरएल) सेवा बोलावण्याची पद्धत, हवी होती. २०१५ च्या आसपास झेड-ओएस कनेक्टची नवी आवृत्ती आली आणि तोच जुना कॉमएरिया जेसनच्या, म्हणजे वेबवरच्या मजकूर-मांडणीच्या, पोशाखात फिरू लागला. कनेक्टर आर्किटेक्चर कागदोपत्री आहे, २०२० मध्ये त्याची पॅकेजं ‘जावाएक्स’ सोडून ‘जकार्ता’ नावाखाली गेली. नव्या मुलांना मात्र फक्त यूआरएल दिसते. तिच्यामागे चार अक्षरांचा कोड आहे, हे पहिला अबेंड येईपर्यंत त्यांना माहीत नसतं.

रेस्टच्या कॉलबरोबर युनिट ऑफ वर्क प्रवास करत नाही. प्रोग्राम परतला की कमिट, म्हणजे सिंकऑनरिटर्नचीच पद्धत, फक्त आता तिच्याबद्दल कुणी भांडत नाही. जावा ३० सेकंद वाट बघून टाइमआउट म्हणतो, मागे टास्क ३१ व्या सेकंदाला काम पुरं करून कमिट करतं. ‘पैसे कापले, पावती आली नाही’ अशी जी तक्रार येते, तिच्यातल्या काही याच एका सेकंदातल्या असतात. त्यासाठी रोज रात्री ताळमेळाचा एक बॅच जॉब चालतो: जावाची यादी एका बाजूला, मेनफ्रेमची दुसऱ्या, न जुळलेल्या ओळी तिसऱ्या फाइलमध्ये. तो जॉबही कोबोलमध्येच आहे. पुण्यात पहाटे साडेपाचला त्याचा रिपोर्ट येतो, आणि रात्रपाळीचा माणूस कॅब यायच्या आत तिसऱ्या फाइलमधल्या ओळी मोजून ठेवतो.