कानाचं मशीन आणि कॉक्लियर इम्प्लांट: एक आवाज वाढवतं, दुसरं कानाला वळसा घालतं

नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या गोंगाटात उभी हयात गेलेल्या माणसाला कमी ऐकू यायला लागलं, की घरात आधी टीव्हीच्या आवाजावरून भांडणं होतात, मग कानाचं मशीन येतं. काही वर्षांनी तेही पुरत नाही. तेव्हा एखादा पाहुणा हमखास सांगतो, "आता आतलं बसवून घ्या, ते जास्त पॉवरचं असतं."

पाहुण्याचं इथेच चुकतं. इम्प्लांट म्हणजे मोठ्या पॉवरचं मशीन नव्हे.

मशीन आवाज मोठा करून कानात सोडतं. पुढचं काम कानालाच करायचं असतं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची शंखिका असते आणि तिच्यात साधारण १५,००० केसपेशी. आवाजाच्या कंपनांचे विजेचे संदेश त्या बनवतात. वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. थोड्या शिल्लक असतील तोवर मशीन कामाचं. फारच कमी उरल्या तर मात्र गणपतीच्या मांडवातल्या फाटक्या स्पीकरसारखं होतं: आवाज वाढवला की फाटकाच आवाज मोठा होतो.

इम्प्लांट या पेशींना वळसा घालतं. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती तो कातडीखालच्या भागाकडे पाठवते, आणि शंखिकेत सरकवलेल्या तारेवरचे १२ ते २२ इलेक्ट्रोड थेट श्रवणाच्या नसेला विजेचे हलके झटके देतात. म्हणून नस शाबूत हवी. ऑपरेशनआधी एमआरआय काढतात तो मुख्यतः त्यासाठी.

मग कुणाला काय? रुग्णाचं एक वाक्य मी कान देऊन ऐकते: "ऐकू येतं, पण कळत नाही." नीट बसवलेलं मशीन लावून, बोलणाऱ्याचे ओठ न बघता वाक्यं कळतात का, ही खरी परीक्षा. (आधी कानातला मळ आणि सैल मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, तपासा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात, असं माझं मत.) दोहोंपैकी बऱ्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची सरासरी पातळी ६० डेसिबल किंवा जास्त आणि मशीनविना ओळखता येणारे शब्द ६० टक्के किंवा कमी असतील, तर इम्प्लांटची तपासणी करून घ्यावी, असा एक ढोबळ नियम आहे. तो तपासणीचा, ऑपरेशनचा नव्हे.

"हे तर लहान मुलांचं ऑपरेशन ना?" उलट, अमेरिकेत १९८४ साली पहिली परवानगी मिळाली ती प्रौढांसाठी, मुलांना १९९० मध्ये. आपल्याकडे गैरसमज होतो, कारण दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतलं इम्प्लांट मुलांसाठी आहे. मोठ्यांचा खर्च बहुधा घरूनच. साठी-सत्तरी आडवी येत नाही. बहिरेपणात किती वर्षं गेली, ते जास्त महत्त्वाचं. बोलायला शिकल्यानंतर ऐकणं गेलेल्यांना फायदा चांगला होतो, जन्मापासून काहीच न ऐकलेल्या प्रौढांना सहसा मर्यादित.

मशीन त्याच दिवशी लावून बघता येतं, नाही पटलं तर काढून ठेवता येतं. इम्प्लांटला पूर्ण भूल लागते, आणि त्या कानात उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं. बरं, ऑपरेशन झालं म्हणजे ऐकू आलं असंही नाही. जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, स्विच ऑन होतं. त्या दिवशी बायकोचा आवाज वेगात पळणाऱ्या कॅसेटसारखा चिरका येतो आणि माणूस खचतो. खचू नये. मेंदू ही नवी भाषा महिनोन्‌महिने शिकतो, मधूनमधून मॅपिंग करून, म्हणजे प्रोसेसर तपासून, विजेच्या झटक्यांच्या पातळ्या जुळवाव्या लागतात. नाशिक ढोलाचा ठेका बऱ्यापैकी कळतो, बासरीचे सूर मात्र अनेकांना ओळखू येत नाहीत.

पुष्कळजण एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्यात जुनंच मशीन वापरतात. दोन्ही मिळून बोलणं जास्त स्पष्ट होतं. तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून ते मशीन चुलतभावाला देऊन टाकू नका. तसंही ते तुमच्या कानाच्या मापाने सेट केलेलं असतं, त्याच्या काय कामाचं!